दम धरा

बसा पावनं. त्या कोपऱ्याला नगं, तितं वल हाय. च्या उकळतोय, आलं ठेचतोय, तवर एक गंमत सांगतो तुमास्नी. ह्या समोरच्या विद्यापीठात एका जागंसाठी तीन डाक्टर आलं व्हतं, आन् तिघांची परीक्षा झाली माझ्या पोटावर. हसू नका. पुस्तकावर न्हाई, कागदावर न्हाई, ह्या हनमंत कोळेकराच्या पोटावर झाली. ऐका तर खरं.

तवा ही टपरी नव्हती. मी आत कँटीनला भजी तळायचो. त्या साली माळावरच्या नव्या इमारतीत एमारायचं मशिन आलं. ट्रेलरवरनं आलं, भितीला भगदाड पाडून आत घातलं. मागनं बोर्डावर जाहिरात लागली. मला अक्षरं लागत्यात, पन पळत्या गाडीवरचं नाव वाचावं तशी. मी वाचलं, बायमेडिकल. म्हनलं बायकांचा दवाखाना निघतोय, ब्येस झालं, आमच्या मंडळीचं गुडघं दाखवून घ्यावं.

गेलो इचारायला. त्या मशिनच्या मुख्य दाबके बाई. सुपारीसारखी बाई, बारकी आन् कडक. सहसा हसायच्या न्हाईत.

"दवाखाना नाही हो हा," त्या म्हनल्या. "बायोमेडिकल. इथं माणसाचं शरीर न कापता आतलं बघायचं, आणि त्यातनं नवीन शोध लावायचे. त्यासाठी एक संशोधक घेतोय."

"म्हंजे गुडघं न्हाईत?"

"नाहीत." मंग माझ्याकडं खालपासनं वरपतूर बघितलं. "तुम्ही कँटीनचे ना? कधी आजारी पडलात?"

"लहानपनी गोवर आला व्हता."

"अंधाऱ्या बोळात भीती वाटते?"

"कँटीनचं कोठार बघितलंय का तुमी बाई? मी तितं झोपतो."

"छान. मग मुलाखतीच्या दिवशी या. उमेदवार तुमच्या पोटाचे फोटो काढतील. मशिनचा त्रास काही नाही, आवाज फक्त मोठा असतो. तुम्हाला हवं तेव्हा थांबता येईल. चालेल का? नसेल चालत तर स्पष्ट नाही म्हणा."

मी म्हनलं चालंल. जल्मात कुनी माझा फोटो काढला नव्हता, तो बी आतनं.

जाता जाता बाईंनी हळूच सांगितलं, "एक करायचं. पहिल्या फोटोला हालायचं. सांगतील ते नीट ऐकायचं नाही. तिघांच्याही वेळी. का, ते विचारायचं नाही."

मी न्हाई इचारलं. पन डोस्क्यात चाक फिरलं. हाललं की फोटो बिघडतोय. म्हंजे कुनाचा फोटो येनार आन् कुनाचा न्हाई, ह्ये कुनाच्या हातात आलं? माझ्या. विद्यापीठाची येवढी मोठी जागा, आन् तिची किल्ली भजीवाल्याच्या पोटात.

आता तुमास्नी सांगतो, ती जागा भरल्यालीच व्हती. कँटीनमदी समद्यास्नी म्हाईत. कुलगुरूंच्या साडूचं पोरगं, करंदीकर, परदेशातनं शिकून आल्यालं, त्यालाच ती द्यायची. बाकीच्यांनी नुस्तं येऊन जायचं, लग्नाच्या फोटोत मागं हुबं ऱ्हात्यात तसं.

मुलाखतीच्या दिशी सकाळी तिघंबी कँटीनला आलं. करंदीकर पयला. अंगाला वास असा की माझ्या तेलाचा वास हरला. त्यानं च्या मागितला, एक घोट घेतला आन् कप दोन बोटांनी लांब सारला.

"ह्यात काय आहे?"

"च्या हाय."

"नाही, म्हणजे... ग्रीन टी नाही का?"

"कालचा ठेवला असता तर आजपतूर हिरवा झाला असता," म्हनलं मी. त्याला काय समजलं न्हाई. माझा च्या तसाच टाकून गेला. झालं, माझ्या वहीतनं त्याचं नाव कटाप.

दुसरा नागपूरकडचा, मेश्राम. उंच, शिडशिडीत, बोलनं लई मोकळं. त्यानं भजी खाल्ली, वर मलाच इचारलं, "काय टाकता जी मामाजी ह्यात? माह्या आईले सांगतो." भला मानूस. पन त्याला आदीच दुसरीकडं नोकरी व्हती, त्यो म्हनला, मिळाली तर मिळाली.

तिसरी आली शाहीन मुजावर. तासगावची. आमच्याच भागातली. साधा पंजाबी ड्रेस, हातात पिशवी, आन् पिशवीत डबा. डबा उघडंना, नुस्ती बसली. मी एक प्लेट भजी म्होरं ठेवली.

"मी मागवली न्हाईत मामा."

"मी इचारलं न्हाई. खा."

एक भजं तोंडात घातलं आन् मिरची लागली तशी डोळ्यांत पानी. म्हनली, "तासगावची मिरची हाय ही."

"लवंगी. कसं वळखलं?"

"आमचं गाद्यांचं दुकान बाजारात, शेजारी मिरचीवाला. बारा म्हैनं शिंकतच मोठी झाले."

मंग हळूहळू बोलली. पुन्यात कैक वर्सं कंत्राटावर काम करत व्हती. दर साली वाटायचं आता कायम करत्याल, दर साली नवीन कागद. आता ते कंत्राटबी संपत आल्यालं. वडलांनी सांगून ठेवलं व्हतं, ह्या येळेला न्हाई झालं तर मशिनं बास, गावाकडं ये, शाळंत शिकीव.

"शाळा काय वाईट न्हाई," मी म्हनलं.

"न्हाई वाईट. पन तितं मशिन न्हाई." आन् समोरच्या त्या इमारतीकडं अशी बघितली, जशी आपन मिठाईच्या दुकानाकडं बघतो, खिशात काय नसताना.

तवाच मी ठरवलं. साडूच्या पोराला असं हालायचं की मशिननं माफी मागावी. मेश्रामला बेताबेतानं. आन् ह्या पोरीच्या पाळीला आपन मेलो. दगूड. पापनीबी हालवायची न्हाई. बाईंनी सांगूदे काय सांगायचं ते, बाई काय आत येऊन बघनार हाय?

मशिनच्या खोलीबाहेर मला एक निळा झगा दिला. तंत्रज्ञ पोरगा म्हनला, धातूचं काय असंल ते काढा. घड्याळ काढलं, पट्टा काढला. मंग त्यानं करगोटा बघितला. त्याला माझ्या कोठाराची किल्ली, एक चिमटा आन् कानकोरनं. त्यो म्हनला, "मामा, हा करगोटा हाय का हार्डवेअरचं दुकान?" समदं काढून ठेवलं. उघडा-वाघडा झाल्यागत वाटलं, झगा असून.

मशिनच्या बोगद्यात पाठीवर निजवलं, पोटावर जाळीसारखं कायतरी बांधलं, कानावर फोन लावलं. पलीकडं काच. काचंमागं दाबके बाई, दोन परीक्षक, आन् सोता कुलगुरू. भाच्याची पाळी बघायला आलं असत्याल.

करंदीकर पयला. कानात आवाज आला, "सर, प्लीज होल्ड युवर ब्रेथ."

मी म्हनलं, "आं?"

"ब्रेथ. होल्ड. डोन्ट मूव्ह."

मशिन सुरू झालं. अवो, पत्र्याच्या शेडवर गारा पडत्यात तसा आवाज. मी त्या तालावर पोट हालवाय लागलो. गंपतीत झांज वाजती तसं, पोट वर, पोट खाली. मधीच खाकरलो. मधीच पाय खाजवला.

"ही इज मूव्हिंग," कानात ऐकाय आलं. पुन्ना सुरू, पुन्ना मी हाललो. तिसऱ्यांदा त्याचा सूर चढला. मंग तो माईकमदी न्हाई, मागं बाईंकडं वळून बोलला, पन माईक चालूच राह्यला व्हता. "मॅडम, हा सब्जेक्ट अजिबात को-ऑपरेटिव्ह नाहीये. दुसरा द्या."

मी आतनं वरडलो, "को-ऑपरेटिव्ह न्हाई कसा? इचारा सोसायटीत. सभासद हाय मी, ते बी पयल्यापासनं."

काचंमागं कुनीतरी फसकन हसलं. बाई न्हवं.

दुसरा मेश्राम. "मामाजी, नमस्कार जी. मी म्हनलो का श्वास घ्याचा आन् धरून ठेवाचा. हालाचं नाही. घ्या बरं." मी घेतला, आन् बेतानं पाय हालवला. "काऊन हालून राहिले जी? मच्छर चावते का?" मला हसू आलं. पोट हादराय लागलं. ते बघून त्याला हसू आलं. आता परीक्षा देनारा बाहेर हसतोय, फोटो देनारा आत हसतोय. दोन-तीनदा झालं तसं. शेवटाला म्या दया करून गप पडलो, त्याचा फोटो बरा आला. मेश्राम म्हनला, "झालं जी, तुमचं काळीज लय चांगलं हाय." काळजाचाच फोटो व्हता तो, कलेजी म्हनतो न्हवं आपन, ती.

मंग तिसरी पाळी. कानात आवाज आला, पन वळखूच येईना. सकाळची तासगावची पोरगी कुटं गेली? आता शाळंतल्या बातम्या वाचाव्या तसा आवाज. "नमस्कार. मी डॉक्टर मुजावर. मी तुमच्या पोटाचे काही फोटो घेणार आहे." घाबरली व्हती. आवाजातच समजत व्हतं. मी मनात म्हनलं, तू भिऊ नगंस पोरी. आत कोन हाय बघ. आज हनमंता म्हंजे देवळाम्होरचा नंदी.

"मामा, मी सांगितलं की दम धरायचा," ती म्हनली. "आता. दम धरा."

मी म्हनलं, धरतो की. घाई कुनाला हाय? तुला येळ लागनार आसंल, लागूदे. मी निवांत. असं मनात म्हनत मस्त सावकाश श्वास घेत पडलो, अंगाचा केस हालवला न्हाई. गारा पडल्या, थांबल्या.

मंग, "मामा, दम धरा बरं."

"धरलाय बाई," मी म्हनलं. "तुमचं चालूंद्या."

पुन्ना गारा. "मामा. दम धरा ना." आवाज जरा कापला.

"आवं धरलाय म्हनतोय न्हवं? सकाळपतूर धरतो. माझं काय कामबी न्हाई आज."

काचंमागनं आता मोठ्यानं हसू आलं. मला समजंना, मी येवढा नंदी झालोय तर हसायचं काय. कुलगुरूंचा आवाज आला, "ह्या बाईंचे तर तीनही फोटो गेले."

गेले? कसं गेले? मी हाललो न्हाई. आईची आन, हाललो न्हाई. पयल्या दोघांच्या पाळीला कोंबड्यागत फडफडलो, त्यांचं काय बी झालं असतं तरी चाललं असतं. आन् जिच्यासाठी जीव मुठीत धरून पडलो तिचंच वाटुळं. वाटलं उठून बाहेर यावं आन् सांगावं, साहेब, माझी चूक. पन उठलो तर अजून हालनार.

येवढ्यात बोगद्यातनं माझा पलंग मागं सरकला. डोळं उघडून बघतो तर पोरगी काचंमागनं आत आल्याली. माझ्या डोक्याशी उकिडवी बसली, बाजारात भाजी निवडायला बसत्यात तशी. आन् सकाळचा आवाज परत आला.

"मामा, एक सांगा. मी दम धरा म्हनले तवा तुम्ही काय केलं?"

"दम धरला."

"म्हंजे नेमकं काय केलं?"

"वाट बघितली. गडबड केली न्हाई. तू म्हनलीस न्हवं दम धरा, मंग मी म्हनलं हिचं आवरूदे."

तिनं कपाळावर हात मारला. आन् हसाय लागली. तितंच, कुलगुरूंच्या देखत. "अवो मामा, आमच्या घरी दम म्हंजे श्वास. अम्मी म्हनते, दम रोक, दम छोड. मी घाबरले की घरचं तोंडात येतं."

"आन् आमच्यात दम धर म्हंजे कळ काढ."

"तेच की. माझं चुकलं. तुम्ही बराबर ऐकलं, मीच बराबर सांगितलं न्हाई." मंग म्हनली, "हिरीत पवलाय का कधी?"

"बांबवड्याच्या हिरीत. मुटका मारायचो, पार तळ गाठायचो."

"पान्याखाली नाक-तोंड कसं असतंय?"

"बंद."

"आन् खाली असताना हात-पाय?"

"तळाशी पडल्यावर कशाला हालवतोय? गाळ उठतोय न्हवं."

"हां. हा गाळ उठला की माझा फोटो जातो. मी बुडी म्हनले की तळाला जायचं. वर या म्हनले की यायचं. आन् घाबरल्यागत झालं तर हात वर करा, मी वढते वर. मी हितंच हाय."

पलंग आत सरकला. "बुडी," कानात आलं. मी डोळं मिटलं, छाती भरून घेतली, आन् गेलो. गारा पडत व्हत्या, पन वर, पान्याच्या वर कुटंतरी. मी आपला तळाला, काळ्या थंड गाळावर. "वर या मामा." आलो. "बुडी." गेलो.

आन् माईक पुन्ना चालूच. ती तंत्रज्ञ पोरं कधी बटन बंद करत न्हाईत, त्येंचं भलं व्हो.

कुलगुरू म्हनलं, "फोटो चांगला आहे. पण दाबके बाई, तिला सगळ्यात जास्त वेळ लागला."

"लागला," बाई म्हनल्या. "मला वेळ मोजायचाच नव्हता. फोटो मशिन काढतं, सर. आतला माणूस ऐकत नसला की तो का ऐकत नाही, हे कोण शोधतं, ते बघायचं होतं. मी त्यांना तिघांच्याही वेळी हालायला सांगितलं होतं."

"सांगितलं होतं?"

"हो. एक म्हणाला माणूस बदला. एकानं करमणूक केली. काचेच्या पलीकडं उठून फक्त हीच गेली. उद्या आत खराखुरा आजारी माणूस असेल. खानापूरचा असेल, कर्नाटकातला असेल, कानानं बहिरा असेल. तो आपल्याला कळेल अशाच भाषेत घाबरेल असं थोडंच आहे?"

मंग दुसरा एक परीक्षक म्हनला, "आणि तो हिच्या वेळी हाललाच नसता तर?"

"तर मी हिला बाद केलं असतं," बाई म्हनल्या. "परीक्षाच झाली नाही तर मार्क कसले देऊ? पहिल्याच फोटोला सगळं सरळ झालं असतं, तर सगळे म्हणाले असते नशीब, आणि मीही तेच म्हणाले असते."

पावनं, त्या बोगद्यात गार हवा सोडत्यात. तरीबी मला दरदरून घाम फुटला. मी त्या पोरीला जागा द्यायला निघालो व्हतो, आन् माझ्याच हातानं तिला तासगावला धाडत व्हतो. तिची अम्मी घरात श्वासाला दम म्हनते, म्हनून वाचली. त्यात माझा शानपना काडीचा न्हाई.

कुलगुरूंनी खुर्ची सारल्याचा आवाज आला. "द्या मग तिलाच," म्हनलं. "साडूला मी सांगतो काय सांगायचं ते." आन् जाता जाता बाईंना इचारलं, "ह्या माणसाच्या यकृतावर ते पांढरं काय दिसतंय?"

"भजी," बाई म्हनल्या. आन् तवा त्या हसल्या. कानात ऐकलंय मी.

शाहीन बाई रुजू झाल्या त्या दिशी डबा घेऊन कँटीनला आल्या. म्हनल्या, "मामा, तुम्ही माझी लई परीक्षा घेतली. वळख दाखवली न्हाई, बरं केलं." मी म्हनलं, "तर. आपन कुनाची गय करत न्हाई." आन् कढईत बघत ऱ्हायलो. खरं काय ते त्यांना आजबी ठाव न्हाई.

आता त्याच मुख्य हाईत तितं. दाबके बाई गेल्या रिटायर होऊन, पन परीक्षा तीच चालू हाय. दर जागंला एक धडधाकट मानूस आत झोपवायचा आन् त्यानं हालायचं. आजवर मीच जात व्हतो. उंद्या परत मुलाखती हाईत, तंत्रज्ञाच्या जागंसाठी. पन ह्या खेपंला शाहीन बाईंनी मला इमारतीच्या आसपास फिरकायला बंदी केलीया. म्हनल्या, "मामा, उमेदवारांत तुमची नात हाय. तुम्ही न्हाई. कुनीतरी परका बघा, ज्याची कुनाशी वळख न्हाई."

हां. माझ्या थोरलीची लेक. दोन वर्सं झाली बेकार बसलीया, रातंदीस त्या मशिनाची पुस्तकं वाचती. घरात मला पलंगावर निजवून श्वास घ्या, श्वास धरा करती. लई जीव हाय तिचा त्या कामात. माझा तिच्यात हाय.

तुमी ह्या गावचे न्हाई, कुनाच्या लागीचे न्हाई, आन् तब्येत बी चांगली दिसतीया. उंद्या सकाळी मोकळं आसाल तर माझं येवढं एक काम करता का? जाऊन त्या बोगद्यात पडा. तिचं नाव मी सांगत न्हाई, आन् तुमी इचारू नका, सांगितलं तर तुमी इरघळाल. कुनी ग्वाड बोलंल, कुनाचा आवाज कापंल, कुनी मामा म्हनंल. कुनाकडं बघू नका. समद्यांच्या पाळीला हाला, आन् सारखंच हाला.